भिंतीपलीकडची हाक

(ओसाकातल्या एका गल्लीतलं सार्वजनिक न्हाणीघर. दुपार. हौदात गरम पाणी भरतंय, दार उघडायला अजून अवकाश आहे. म्हातारा मालक इवाओ पुरुषांच्या बाजूची फरशी घासतोय; मधल्या भिंतीपलीकडे बायकांची बाजू. ‘शाबोन’ बँडची गायिका नागिसा हौदाच्या कडेला पाय सोडून बसलीय.)

नागिसा : पण आजोबा, ती हाक काढली तर त्या गाण्यात उरतं काय?

इवाओ : ढीगभर उरतं. तुझा गळा, त्या दाढीवाल्याचं ते तीन तारांचं शामिसेन, मध्येच ते जॅझ की काय. आधी जत्रेसारखं वाजतं, मग छप्पर कोसळल्यासारखं. पुष्कळ झालं की.

नागिसा : ते आधीही होतंच. तेव्हा ऐकायला सहा टाळकी, त्यातली दोन घरची. तुम्ही सुट्टीच्या दिवशी न्हाणी दिलीत, इथे आवाज घुमतो म्हणून रेकॉर्डिंग इथेच केलं. आणि गाणं संपताना भिंतीपलीकडून हात्सुए आजींची हाक आली, “अहो, मी निघतेय हं.” त्या हाकेनं आमचं नशीब उघडलं. आता ट्रक भरभरून सामान फिरतं आमच्याबरोबर.

इवाओ : बायकांची बाजू घासत होती ती. काम आटोपलं की तिकडून हाक मारायची, मी इकडून ओ द्यायचो. लग्न झाल्यापासून तसंच.

नागिसा : मग राहू द्या ना. आजी गेल्या, आता त्यांचा तेवढाच तर आवाज उरलाय.

इवाओ : म्हणूनच सांगतोय. परवा शेजारणीनं मोबाईलवर तुमचा कार्यक्रम दाखवला. केवढं ते सभागृह. निळा उजेड, धूर, माणसं पाण्याखाली असल्यासारखी डुलतायत. तिची हाक आली, आणि सगळे एका सुरात म्हणाले, “चल, मीही निघतो.”

नागिसा : लोकांना फार आवडतं ते. रडतात कितीतरी जण.

इवाओ : रडू देत. पण हाक मला होती, पोरी. बायको माझी, आणि ओ देतंय अख्खं गाव.

नागिसा : हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

इवाओ : त्या दिवशी तू ओठांवर बोट ठेवलंस, म्हणून मी गप्प बसलो. बाहेर गेलो तर ही फुरंगटलेली. “बहिरे झालात का?” म्हणाली. नंतर हसलो आम्ही. पण गाण्यात ती अजून ताटकळतेय.

नागिसा : शनिवारी कार्यक्रम इथेच आहे, ओसाकात. तुम्ही या. मी सगळ्यांना गप्प करते, तुम्हीच ओ द्या.

इवाओ : आपल्याच बायकोशी बोलायचं, तेही माईकवर? मला नाही जमायचं ते.

नागिसा : मग इथे द्या. आत्ता. फोन बायकांच्या बाजूला ठेवते, गाणं लावते आणि बाहेर जाते. रेकॉर्डिंग नाही, शपथ.

इवाओ : आणि शनिवारी?

नागिसा : तुम्ही म्हणाल तसं. काढायची तर काढू.

इवाओ : माझी ओ आधी पोचू दे तिला. मग लोकांनी खुशाल द्यावी. जा, ठेव फोन. तो पाण्याचा नळही बंद कर जाताना.

हात्सुएचा आवाज : अहो, मी निघतेय हं.

इवाओ : हो. ऐकलं मी. तू हो पुढे, मी एवढी फरशी घासून येतो.