लाल अंड्याचं पाणी

ईस्टरच्या पहाटे आम्ही अंड्यांच्या टोपल्या घेऊन चर्चच्या अंगणात रांगेत उभ्या होतो. पाद्रीबाबा त्यांवर पवित्र पाणी शिंपडायला अजून यायचे होते. माझ्यापुढे शेजारची छोटी मलांका आणि तिच्या दोन्ही आज्या होत्या, आईची आई परास्का आणि बापाची आई ओडार्का. आमच्या कार्पेथियन डोंगरात या सकाळी पोरी लाल अंडं घातलेल्या पाण्यानं तोंड धुतात, म्हणजे वर्षभर गाल लाल राहतात.

"ओडार्का विहीणबाई, अंडी लाल का करतात ठाऊक आहे? मरियामाई क्रुसाखाली रडली आणि तिचे अश्रू एका टोपलीतल्या अंड्यांवर पडले. ती टोपली माझ्या खापरपणजीची!"

"अगं बाई! मग ती अंडी घालणारी कोंबडी आमचीच. अजून तिचाच वेलविस्तार आहे आमच्या खुराड्यात."

"तरीच तुमची अंडी इतकी जुनाट दिसतात."

"दिसू देत. कांद्याच्या सालीत उकडलीत मी. तुमच्यासारखा बाजारचा रंग नाही."

"माझा बाजारचा? मलांका, सांग गं, आज कुणाच्या अंड्यानं तोंड धुतलंस?"

"हो, सांग बाळा. मी रागावणार नाही, फक्त आज जेवणार नाही."

"दोघींच्या! डाव्या गालाला परास्काआजीचं, उजव्याला ओडार्काआजीचं."

"उजेडात ये बघू. बघा विहीणबाई, माझा डावा कसा लालबुंद झालाय!"

"आणि उजवा?"

"उजवा जरा फिकाच."

"इकडे ये गं माझ्या सोन्या, मला नीट बघू दे."

"आई गं! ओडार्काआजी, उजव्या गालाला चिमटा का काढतेस?"