हुसेनसागरच्या काठी आई-बाबा

हैदराबादेत पाहण्यासारखं काय, म्हणता? मला आई-बाबांची संध्याकाळ आठवते. कोरपन्याहून दोघांना पहिल्यांदाच फिरायला नेलं होतं. चारमिनार, गोवळकोंडा बाबांनी मुकाट्यानं पाहिला. दिवे लागले तसे आम्ही हुसेनसागरच्या काठी बसलो. मी आइस्क्रीम घेऊन परतलो, तर बाबांनी आईचा हात हातात धरलेला. गावात तर ते तिच्याशेजारी बसायचेसुद्धा नाहीत.

आई कुजबुजली, “सोडा ना, लोक पाहून राह्यले.”

“पाहू दे. इथी आपल्याले कोन ओळखते?”

मी आवाज न करता मागं वळलो आणि आइस्क्रीम वितळू दिलं.

घरी आल्यावर शेजारणीनं विचारलं, “तलाव कसा हाय वो, बाई?”

आई पदराआड हसली. “कोनाले मालूम! म्या पाह्यलाच नाई.”