बोरोची लोकर

...आणि वर मलाच विचारते, "बाबा, बोरो किती मोकळा दिसतोय ना?" मोकळा! अहो, पोतंभर लोकर विंचरून काढली पोरीनं कुत्र्याची, ऐन डिसेंबरात, उणे पन्नासात! मोकळा नाही दिसणार तर काय!

तुम्हाला सांगतो, कुत्रं घरात घ्यायचं नसतं. हे माझं नाही, ओग्दोचं म्हणणं. ओग्दो म्हणजे माझी बायको, आणि कुत्रा तिचाच. थंडी पडली की त्याच्या खोपटात कोरडं गवत कोंबायची... चिंधी नाही हं, चिंधी भिजते, भिजली की तिचा दगड होतो... घोड्याच्या चरबीचा कढत रस्सा पाजायची आणि दार लावून घ्यायची. मी चुळबुळलो तर म्हणायची, "त्याचा कोट त्याच्या अंगावर आहे, तुम्ही आपला सांभाळा!"

ओग्दो गेली, तशी लेक आली शहरातून, तुयारा. बघते तर बोरोच्या मिशांवर बर्फ. "बाबा, माणूस आहात की कोण!" आणला आत. मी म्हटलं, अगं, कुत्रं घरात... पण आई गेलेल्या पोरीला बोलायचं तरी काय? त्याच्या गळ्यात पडून रडायची. रडायची आणि विंचरायची, रडायची आणि विंचरायची! चुलीच्या उबेत त्याला वाटलं, आला उन्हाळा. आतली लोकर सगळी सोडून दिली गड्यानं! आणि सुट्टी संपली तशी पोरगी गेली निघून.

आता? शेजारचा मिकिता नाक मुरडतो, "काय रे गाव्रिल, कुत्रं जावई झालं वाटतं! काढ बाहेर!" काढला हो! गोठ्यात ठेवावा तर गाई केव्हाच देऊन टाकलेल्या, रिकाम्या गोठ्यात कसली ऊब? अंगणात उभा राहिला बिचारा. हा पाय उचल, तो पाय उचल, लटलट कापतोय, पण भुंकेल तर शपथ! नुसता बघतोय माझ्याकडे... मी दार लावलं, अगदी ओग्दोसारखं. आणि तिथंच आतून दाराला टेकून उभा राहिलो... छे हो! आणला परत. कान नुसते लाकूड झालेले, तळव्यात धरून बसलो.

आता बोरो ओग्दोच्या जागेवर झोपतो. ऐसपैस! मी आपला काठावर, अर्धा पलंगाबाहेर. मिकिता रोज ऐकवतो, "अरे, कुत्रं घरात घ्यायचं नसतं!" माहीत आहे रे बाबा, नसतं घ्यायचं. पण या थंडीत एकीला ठेवून आलोय बाहेर, गोठलेल्या मातीत... आणखी किती जणांना काढू?