चेंबूरच्या मांडवातून

हॅलो?… कोण हवंय?… नाही, रत्नप्रभाबाई शूटिंगला गेल्यात. मी कामवाली बोलतेय… कोण, सुगंधा? अगं, मग आधी नाही का सांगायचं… हो, मीच. रविवारी टीव्हीवर माझा जुना पिक्चर लागला ना, तेव्हापासून कुणीकुणी फोन करतं. म्हणून आवाज बदलते.

बोल. मांडव घालून झाला?… हो, हो… अगं ऐक ना, उद्या मी पहाटेच निघते. अंधेरीहून चेंबूरला कितीसा वेळ लागतो. काशीरामला गाडी घेऊन लवकर ये म्हटलंय… शूटिंग कसलं? नाही म्हणून सांगितलं त्या निर्मात्याला. म्हटलं, माझ्या भाचीचं लग्न आहे, तुमच्या हिरोची आई दुसरी कोणी शोधा…

काय झालं?

कोण म्हणालं? मुलाची आई?… साखरपुड्याला? हो, झाली होती गर्दी. मला काय माहीत, अख्खी सोसायटी जिन्यात येऊन उभी राहील म्हणून… व्याह्यांचा चष्मा फुटला, ठाऊक आहे. मी माफी मागितली ना त्यांची… फोटोत काय?… सगळ्या फोटोंत मीच? आणि मीरा?… मागे. हं.

'लग्न मुलीचं की नटीचं', असं म्हणाल्या?… नाही गं, राग कसला. बरोबरच आहे त्यांचं… तुझे जयवंतराव काय म्हणतात?… तेही तेच. बरं…

सुगंधा, मागच्या बाजूने आले तर? डोक्यावरून पदर घेऊन बायकांत बसेन. अक्षता टाकेन नि निघेन, जेवायलाही थांबणार नाही… नको?

बरं. नको.

रडू नकोस… अगं, तुझी काय चूक त्यात? बाबांची गिरणी सुटली तेव्हा तू शाळेत जायला लागली होतीस फक्त. तुझी शाळा सुटू नये, एवढंच होतं माझ्या डोक्यात, म्हणून त्या स्टुडिओत घोळक्यात नाचायला उभी राहिले. पुढचं सगळं, ते रत्नप्रभा नाव, ते पुरस्कार, आपलं येत गेलं… नाही, उपकार नाही सांगत. का सांगतेय कुणास ठाऊक. घरात कोणी नसतं ना, बोलायला लागले की थांबत नाही मी.

पडद्यावर किती मुली सासरी धाडल्या गं. ग्लिसरीन घालून. म्हटलं होतं, उद्या तरी खरं रडू येईल…

कोण आलं? मीरा? तिला माहीत आहे हे?… नाही ना? मग सांगूच नकोस. पहिल्याच दिवशी सासूशी वाकडं नको तिचं… अगं, दे तिच्याकडे. मी बघते काय सांगायचं ते. दे म्हणते ना.

मीरा… हो गं, मावशीच. हळद लागली?… केसांत पण गेली? राहू दे, चांगली असते… ऐक ना बाळ, तेच सांगत होते आईला. उद्याचं जमत नाही मला. शूटिंग आलं अचानक… महाबळेश्वरला. आजच निघायचंय… कसं टाळू? सगळं युनिट खोळंबलंय माझ्यासाठी… हो, कामच मोठं मला. खरंय तुझं… नाही, शपथ नको घालूस. रुस हवं तर, पण शपथ नको.

बोल ना… मीरा?… बरं, नको बोलूस. मी ऐकतेय.

मागे कोण गातंय गं?… शेजारच्या बायका? आमची आई म्हणायची हे, मालवणात… तुला हाका मारताहेत, जा. फोन ठेवू नकोस पण. नुसता बाजूला काढून ठेव… घाई आहे गं, बॅग भरता भरता ऐकते. जा तू. सुखी राहा.

…

…

हॅलो?… हो, चालूच आहे फोन. ठेवू नका… कोण म्हणजे? मी मुलीची मावशी… नाही, येणार नाहीये. लांब असते मी… जरा राहू द्या ना तसाच, तेवढं गाणं संपू दे…

हॅलो?… हॅलो…