फोटोतली मी

हॅलो?… हॅलो, ताई? बोल, पटकन बोल… बाटली? पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात. बाहेरच्या गं, जिथे माझा गुडघ्याचा पट्टा असतो… सापडली? कोमट कर आधी. गार दिलीस तर बबडी तुझ्याच अंगावर फुर्र करून उडवेल. आणि तालीम सुरू झाली की तिला कपड्यांच्या खोलीतच ठेव, ढोलाने दचकते ती…

पेपर? नाही बसले अजून. परीक्षा केंद्राच्या दारातच उभी आहे… अगं ओरडू नकोस, कळतंय मला दहा वाजून आठ मिनिटं झालीत!

कारकून आत सोडत नाहीये… नाही, हॉलतिकीट हातात आहे. त्यावरचा फोटो माझा नाही म्हणतो… माझाच आहे गं! पण तो आपल्या नाचाच्या पोस्टरवरचा आहे ना…

आठव ना. फॉर्मची शेवटची तारीख, आपण दौऱ्यावर, मी मध्यंतरात मोबाईलवर भरत होते. फोटो मागितला. होता तो कापून लावला. तूच म्हणालीस, छान दिसतेस, लाव… हो, म्हणालीस! माझ्या ब्लाउजची पाठ टाचत होतीस तेव्हा.

भुवया कानशिलापर्यंत, डोळे एवढाले, केस चापून मागे. आणि आज मी आलेय धुतल्या तोंडाने, बबडीने ओढलेल्या झिंज्या घेऊन. तो एकदा फोटो बघतो, एकदा मला. म्हणतो, धाकट्या बहिणीचा पेपर द्यायला आलात का?… धाकट्या, ताई!

दाखवलं ना. कंपनीचं कार्ड दाखवलं. त्यावरही तोच फोटो!… हसू नकोस. ताई, हसू नकोस गं, मला रडू येतंय.

दुसरं ओळखपत्र घरी. जाऊन यायला दीड तास. साडेदहाला दार बंद, मग कुणालाच घेत नाहीत.

पुढच्या वर्षी?… पुढच्या वर्षी काय, ताई? दोनदा हाच पेपर बुडाला. एकदा दौरा, एकदा बाळंतपण. आता नियमाने ही शेवटची संधी. शाळेने नृत्यशिक्षिकेची जागा निकाल लागेपर्यंत धरून ठेवलीय. पदवी असेल तर माझी, नसेल तर… गुडघा बघितलायस ना? बर्फ तूच धरतेस. सरांनी मला मागच्या रांगेत टाकलं ते काय उगाच? तिच्या मागे रांग नसते गं. थेट घरच असतं.

काय?… पुन्हा म्हण… मेकअप? इथे?

थांब. थांब हं. पर्समध्ये… काजळपेन्सिल आहे. लाल लिपस्टिक आहे, अर्धी. पिना… दोन, चार… पाच. ताई, तू वेडी आहेस. नाही, शहाणी आहेस. बाथरूमकडे पळतेय…

फोन बेसिनवर ठेवलाय, स्पीकरवर. बोलत राहा… आरसा आहे, पण मधोमध तडा, एका वेळी एकच डोळा दिसतो. चालेल… शी! रेघ भलतीकडेच गेली. मोज ना, ताई. विंगेत कपडे बदलताना मोजतेस तसं… हं. एक, दोन… भुवई. तीन, चार… दुसरी. अजून वर… अगं, एक मुलगी आलीय, बघत उभी राहिलीय. काही नाही गं बाई, पेपरला चाललेय!… पळाली. पाच, सहा…

बबडी का रडतेय? दे फोन तिच्या कानाला… बबडे, आई आहे गं, आई. दूध पी बघू… हो, येते… ताई, घे, घे फोन! तिचा आवाज ऐकला की डोळे भरतात, आणि आता काजळ ओघळलं तर संपलंच सगळं.

गंमत बघ. ती मला रंगवलेली ओळखत नाही, किंचाळते. आणि हा कारकून मला न रंगवलेली ओळखत नाही.

ओठ. केस… तोंडात पिना आहेत, म्हणून अशी बोलतेय… सात, आठ. किती वाजले?… तेवीस? पळतेय. फोन ठेवू नकोस.

साहेब, हे बघा… थांबा, मान अशी होती. हनुवटी वर… हो, मीच. मघाचीही मीच… अहो, हसा हवं तर, पण सही कुठे करू ते सांगा… मॅडमना बोलावता? बोलवा. पण घड्याळ बघा हो, साहेब. हात जोडते.

ताई… आहेस ना? मॅडम आल्या. चष्मा लावून फोटो बघतायत… मला बघतायत…

काय, मॅडम?… फोटोत हसतेय, हो… आत्ता? हसून दाखवू?

…

ताई. सात वर्षं गुडघा ठणकत असताना तेवढंच तर केलंय गं… घेतलं! घेतलं आत!

हो मॅडम, बंद करते… ताई, मोबाईल इथेच जमा करायचाय. एकला सुटेन. बबडीला दारात आणू नकोस हं, मी आधी तोंड धुते, मगच… हो मॅडम, ठेवतेच आहे… वर्ग कुठे? तिसरा मजला? लिफ्ट… बरं. नाही नाही, काही नाही. चढते.

ताई, ठेवते. तू मोजत राहा.