खिम्याचे गोळे अन् अडवलेली पंगत

मी जमना. आमचा बंजाऱ्यायचा तांडा उमरखेडच्या अलीकडे, यष्टीतून आमच्या घरावरची कवेलू दिसतात. आमचे म्हातारे बैलाच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलुखभर फिरायचे, मंग बसले इथंच, आता कापूस, तूर, सोयाबीन, तुमच्यासारखंच समदं. फक्त घरात आमची गोरबोली भाषा, अन् मोठ्या जेवणाले बोकूड. आता बोकडाचं काय सांगू तुमाले, आमच्यात ते हांडी माणसायच्या हातची. बाईनं भाकरी थापाव्या, पाणी भरावं, अन् माणसं जेवून उठली का मंग आपलं ताट घ्यावं. मायनं हेच केलं, सासूनं हेच केलं, मीबी केलं, कोणाले वाईटबी वाटलं नाई, रीतच ते.

माझा लहाना दीर परसराम, तांड्याचा हांडीवाला. हाताले चव हाये त्याच्या, खोटं कायले बोलू. सळोई करावी तर त्यानंच, बोकडाचे तुकडे अन् रगत, खदखदा शिजलेलं, बोटं चाटत राहा. पण गडी गेला कोण्या शहरातल्या लग्नाले अन् तिथं खाऊन आला खिम्याचे गोळे. मंग काय, पुतण्याच्या पोराच्या जावळाले खाटकाकडून मशिनीतला खिमा आणला अन् बसला तळायले. आमच्याकडे सरपण म्हणजे पऱ्हाटी, कापूस येचून झाला का घरोघरी काड्यायचे ढीग. पऱ्हाटी भडकन पेटते, तेल कडकडते, गोळा टाकला का लालच. पण तो जाळ भडकते तसाच बसते. वरून लाल, आतून कच्चा. परसराम फोडून दाखवे, पाहा म्हणे कसा नरम राह्यला, आतून गुलाबी. समद्यायनं वा वा केलं.

मंग पाहा तमाशा. घरोघरी हगवण, पोटात पिळा, ताप. माझा नवरा तर दवाखान्यात सलाईन लावून पडला, रगत पडे हो, मी पदर तोंडात धरून रडली. इकडे तांड्यात म्हातारे म्हणे देवी कोपली, आणखी एक बोकूड द्या. दवाखान्यात नर्सबाई होती, तिनं मले इचारलं काय खाल्लं, मी सांगतलं, ते म्हणे देवीले कायले नाव ठेवता, खिमा कच्चा खाल्ला तुमी. म्हटलं बाई, सळोई तर आमी जलमभर खातो. ते म्हणे तुकड्याले घाण वरून लागते, शिजवलं का मरते, पण मशिनीत घातला का वरची घाण आत मिसळते, मंग गोळा मधातपर्यंत शिजलाच पाह्यजे. लेकरं, म्हातारे अन् पोटुशी बाई यायले तर लय जपा म्हणे. नवरा वाचला माझा. ते बोलणं माझ्या डोक्यात खिळ्यावाणी बसलं.

मंग औंदा माझी लेक शारदी आली बाळंतपणाले, पहिलटकरीण. तिच्या नावानं जेवण ठेवलं, अन् परसराम पुन्हा गोळेच करून राह्यला. जित्याची खोड, दुसरं काय! मी म्हणली भाऊजी, मंद आचेवर करा. तो म्हणे वहिनी, तुमी भाकरी पाहा. पंगत बसली. थावरा नाईक, म्हणजे तांड्याचे मुखिया, पहिल्या पाटावर. शारदीचा मान म्हणून तिचंबी ताट त्या दिवशी पंगतीत मांडलं. परसराम परात घेऊन निघाला, मी आडवी झाली, एक गोळा उचलून फोडला, तर आत गुलाबी पाणी! मले काय झालं मलेच मालूम नाई, परात हिसकली, मांडीवर घेतली अन् बसली खाली पंगतीच्या मधात. म्हटलं, हे माझ्या लेकीच्या ताटात पडणार नाई, अन् कोणाच्याच ताटात पडणार नाई.

जो गलका झाला, बापरे! कोणी म्हणे बाई येडी झाली, कोणी म्हणे पाव्हण्यायसमोर इज्जत घालवली. परसराम लाल झाला, पण वहिनीले हात कसा लावन? नवरा उठला, मले वाटलं आता बोलणी बसतात, तर तो म्हणे, दवाखान्यात मी पडलतो, जमनी बरोबर बोलून राह्यली. तवा नाईकानं इचारलं, जमनाबाई, किती येळ लागन? मी म्हटलं बापू, एक बिडी वढा, मंग दुसरी वढा.

पऱ्हाटी ओढून टाकली, बाभळीची खोडं लावली, रस्सा उकळला, समदे गोळे त्यात सोडले अन् वर झाकण. माणसं बसून राह्यली बाप्पा, भुकेली, बिड्या वढत! मंग मोठ्यातला मोठा गोळा काढला, फोडला, मधातपर्यंत तपकिरी, पाणी साफ. नाईकानं खाल्ला, दुसरा मांगतला, अन् म्हणे परसराम, अशी चव तुह्या हाताले काहून नाई आली? समदे हासले, परसरामबी हासला. तांड्यात एकबी माणूस दुखण्यानं पडला नाई, अन् शारदी सुखरूप मोकळी झाली, नात पाहा कशी गोरीपान.

आता आजूबाजूच्या तांड्यायतून मले बलावणं येते. हांडी अजून माणसंच चढवतात, चढवो बिचारे, पण उतरवत नाईत. परसराम समद्यायसमोर गोळा फोडून माह्या पुढं धरते, वहिनी, उतरवू का? मी पाहते. शिजलेलं असते, मले दिसते. तरी उगाच थोडं थांबते, पदर सावरते, भाकऱ्या झाकते. आमच्या बायायनं पिढ्यान् पिढ्या या माणसायचं जेवण उरकायची वाट पाह्यली, थोडी त्यायलेबी पाहू द्या. मंग म्हणते, उतरवा भाऊजी, देवी समद्यायले सुखात ठेवो, अन् बसा आता समदे संगच.