डबा रिकामा द्यायचा नसतो

हसू नका, पण जर्मनीत डार्मश्टाटमधल्या छोट्या दुकानदारांना मी मार्केटिंग शिकवतो आणि माझ्याच बायकोच्या चकल्यांना महिनाभर एकही ऑर्डर नव्हती! शेवटी घरातच चाळीस स्लाइड्सचा प्लॅन मांडला. पुण्याहून आलेल्या सासूबाई सहाव्या स्लाइडला उठल्या. वरच्या मजल्यावरच्या जर्मन बाईंना डबाभर चकल्या देऊन आल्या. सोबत नेलेल्या नातीकडून जर्मनमध्ये बजावलंही, "डबा रिकामा परत द्यायचा नसतो."

दुसऱ्या दिवशी बाई दारात हजर. "रिकामा नाही हं!" म्हणत त्यांनी डबा उघडला. आत चिठ्ठी होती. बिल्डिंगमधल्या नऊ घरांच्या ऑर्डरी, फ्लॅट नंबरासकट!

सासूबाईंनी शांतपणे चिठ्ठी बायकोला दिली आणि मला विचारलं, "जावईबापू, तुमचं ते मार्केटिंग कधी सुरू करायचं?"